दारू थांबते तेव्हा

दारू थांबवली तेव्हा सुरुवातीला माझे हात इतके थरथरायचे, की चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागे. दरदरून घाम, झोप नाही. रोजच्या दारूला सरावलेला मेंदू ती थांबताच अतिउत्तेजित होतो. पुढच्या दोन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. म्हणून कळकळीनं सांगतो, रोज भरपूर पिणाऱ्यानं एकट्यानं, एकाएकी सोडू नये. डॉक्टरांना गाठावं.

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, लेखक पु. ल. देशपांडे आणि त्यांच्या पत्नी सुनीताबाई यांनी त्याला मोठं आर्थिक बळ दिलं. तिथं घरच्यांनाही उपचारात सामील करतात. ते हवंच. पिणारा मी होतो, पण झोप बायकोचीही उडाली होती. दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देणाऱ्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या संघटनेच्या सभा मराठीतही भरतात, फी नसते.