रोजच्या कामाला जुनी वेगवान मोटार



मालेच्या चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही तो जरा चाचरतच सांगितला. काल याच व्यासपीठावर ज्ञानेश्वरीवर व्याख्यान झाले, उद्या अर्थसंकल्पावर आहे, आणि मध्ये आज मोटार! तीही कोणीतरी वापरून सोडलेली, आणि ती इकडची नव्हे, विलायतेतली. परंतु येथे बसलेल्या मंडळींपैकी कितीजणांचे मुलगे, मुली, पुतणे, भाचे आज इंग्लंडात आहेत हे हात वर करावयास सांगून मोजले, तर चिटणिसांची शंका फिटेल. ही मुले तिकडे मोटार घेतात आणि घेण्याच्या आदल्या रात्री घरी फोन करतात. फोनवर आपल्याला एवढेच ऐकू येते की, 'फार छान गाडी आहे आणि स्वस्त मिळते आहे.' या 'स्वस्त' शब्दाविषयी आम्हांस आज बोलावयाचे आहे.

आमचा उभा जन्म मोटारींच्या कारखान्यात गेला. निवृत्तीनंतर आम्ही तीन महिने पुतण्याकडे रेडिंग या गावी होतो. लंडनच्या पश्चिमेस, एम-४ नावाच्या हमरस्त्यालगतचे हे शहर. पुतण्याची नोकरी वीस मैलांवर, सूनबाई रुग्णालयात परिचारिका, तिला आठवड्यातून दोन रात्रपाळ्या. दोन मुले, आणि मोटार एकच. जुनी मोटार दम टाकू लागली होती. घर घेण्यासाठी साठविलेल्या पैशांतून काही भाग काढून दुसरी घ्यावयाची, असे ठरले होते. पुतण्याच्या मनात भरली होती ती एक चौदा वर्षांची, प्रचंड इंजिनाची 'इस्टेट' मोटार.

इस्टेट म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे. साध्या मोटारीला मागे डिकी असते. इस्टेटचे छप्पर तसेच मागेपर्यंत जाते आणि शेवटी एक उभा दरवाजा असतो. मागची बाके दुमडली की कपाटदेखील आडवे आत जाते. रेल्वे स्टेशनावरून पाहुणे आणि सामान जमीनदाराच्या वाड्यावर, म्हणजे त्याच्या 'इस्टेटी'वर आणणारी गाडी, यावरून हे नाव पडले. अमेरिकेत तिलाच स्टेशन वॅगन म्हणतात, जर्मनीत कोम्बी. आपल्याकडे टाटांनी पुण्यात १९९२ साली 'इस्टेट' याच नावाची मोटार काढली होती. ती ज्यांनी पाहिली असेल त्यांच्या डोळ्यांसमोर आकार लगेच उभा राहील.

अशा सामान वाहणाऱ्या गाडीत शर्यतीचे इंजिन बसविण्याची कल्पना प्रथम विनोदी वाटते. पण जर्मनीच्या हमरस्त्यांवर पुष्कळ ठिकाणी वेगाला मर्यादा नाही, आणि तेथल्या सुखवस्तू गृहस्थाला बायकोमुले, कुत्रा आणि सामान यांच्यासकट भरधाव जावयाचे असते. १९९४ साली ऑडी कंपनीने पोर्श कंपनीच्या मदतीने आर एस-२ नावाची इस्टेट काढली. पाच सिलिंडरांचे सव्वादोन लिटरचे इंजिन आणि शक्ती ३१५ अश्वांची. त्याच वर्षी स्वीडनच्या व्होल्वोने ब्रिटनमधील मोटारशर्यतींत चक्क ८५० ही इस्टेट उतरविली. लोक हसले, पण मालाची पेटी शर्यतीत धावते आहे हे दृश्य ते विसरले नाहीत, आणि कंपनीला तेच हवे होते. पुढे बी एम डब्ल्यूने २००७ ते २०१० या काळात एम-५ टूरिंग काढली. तिला दहा सिलिंडर आणि ५०७ अश्वशक्ती. ऑडीची २००८ सालची आर एस-६ तर ५८० वर गेली. आपल्या पिढीने ज्या फियाटमधून महाबळेश्वर गाठले, तिच्यात चाळीस-पंचेचाळीस अश्वांच्या वर काही नव्हते!

आता प्रश्न असा की, नवी असताना घराच्या किमतीशी स्पर्धा करणारी ही मोटार चौदा वर्षांनी नोकरदाराच्या आवाक्यात येते कशी? उत्तर सोपे आहे. मोटारीची किंमत उतरते, पण तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. ब्रेकच्या तबकड्या, रुंद टायर, शॉक अ‍ॅब्सॉर्बर हे सारे त्या मूळच्या महाग मोटारीचेच घ्यावे लागतात. हत्ती स्वस्तात मिळाला म्हणून त्याचा आहार कमी होत नाही. पहिला मालक श्रीमंत असतो, तो बिले चुकवितो. दुसरा जरा हात आखडतो. तिसरा किंवा चौथा मालक शोकीन असतो, पण त्याच्या खिशात पैसा नसतो. तो ऑइल बदलावयाचे पुढे ढकलतो आणि मोटार विकावयास काढतो. आमचा पुतण्या पाचवा होणार होता.

आम्ही जेवणाच्या मेजावर हिशेब मांडला. वर्षाला दहा हजार मैल फिरणे. पुतण्याच्या मनातली मोटार गॅलनला वीस मैल देणारी. म्हणजे आपल्या भाषेत लिटरला सात किलोमीटर. पाचशे गॅलन, म्हणजे सुमारे २२७० लिटर पेट्रोल, आणि तेही उंची प्रतीचे. गॅलनला पंचेचाळीस मैल देणारी साधी मोटार त्याच प्रवासाला सुमारे १०१० लिटर पिते. विमा उतरविणाऱ्यांनी तेथे मोटारींचे पन्नास गट केले आहेत आणि या गाड्या बहुधा वरच्या गटांत बसतात. करांची गंमत तर ऐकण्यासारखी आहे. मोटारीच्या धुरातील कार्बन डाय-ऑक्साइडवर कर ठरतो. पण दर किलोमीटरला २२५ ग्रॅमहून अधिक धूर सोडणारी मोटार २३ मार्च २००६ च्या आधी नोंदलेली असेल, तर ती खालच्या पट्टीत राहते, आणि त्यानंतरची वरच्या पट्टीत जाते. एकच नमुना, एकच इंजिन, नोंदणीत आठवड्याचे अंतर, आणि कर कितीतरी वेगळा! यावर कोणी म्हणेल, मग जुनीच घ्यावी. पण लंडनमध्ये २०१९ पासून जुन्या धुरकट मोटारींवर दिवसाला साडेबारा पौंडांची पट्टी बसली, आणि ऑगस्ट २०२३ पासून ती सबंध लंडनला लागू झाली. पेट्रोलच्या मोटारी सामान्यतः २००६ नंतरच्या असतील तर त्यातून सुटतात; त्याआधीच्या काही सुटतात, काही सुटत नाहीत. म्हणून प्रत्येक मोटारीचा नंबर घालून पाहावा लागतो. एका हाताने सूट आणि दुसऱ्या हाताने दंड, हे सरकारी गणित सर्वत्र सारखेच दिसते.

पुतण्याने हे सारे ऐकले आणि म्हणाला, "काका, ते सगळं खरं. पण रोज दोन तास मी त्या गाडीत बसणार. त्यात जरा आनंद नको का?"

त्याला हसण्याचे कारण नाही. दिवसाचे दोन तास ज्या खुर्चीत जातात ती मनासारखी असावी, असे वाटण्यात गैर काय? पण सूनबाईने विचारले ते अधिक महत्त्वाचे होते. "काका, रात्रपाळीहून पहाटे येताना ही हायवेवर बंद पडली, तर?" आम्ही त्या प्रश्नालाच कसोटी मानून मोटारी पाहावयास निघालो.

ब्रिटनमध्ये एक सोय फार उत्तम आहे, आणि तिचा हेवा वाटावा. तीन वर्षांपुढील प्रत्येक मोटारीची दरवर्षी सक्तीची तपासणी होते. तिला एम ओ टी म्हणतात. २००५ पासूनच्या या तपासण्यांची नोंद कोणालाही घरबसल्या फुकट पाहता येते. त्यात दर वर्षी मोटार किती मैल चालली हे असते, कशात नापास झाली हे असते, आणि 'पुढे लक्ष द्यावे' असे शेरेही असतात. एकच शेरा ओळीने तीन वर्षे दिसला, तर मालक कसा आहे हे मालकाला न भेटताच कळते. मात्र या तपासणीत इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांची प्रकृती पाहत नाहीत. नेमकी खर्चाची खाण तीच!

पहिली मोटार पाहिली ती त्याच्या मनातली. रंग काळा, आतली कातडी बाके नव्यासारखी, पुतण्याचे डोळे चमकले. आम्ही बॉनेटवर हात ठेवला. ते गरम होते. मालक म्हणाला, "तुमच्यासाठी सकाळीच फिरवून आणली." हा पाहुणचार आम्हांला मानवत नाही. इंजिन खरे बोलते ते थंड असताना, पहिल्या दहा सेकंदांत. रात्रभर ऑइल खाली उतरलेले असते. ढिली झालेली टायमिंग साखळी असेल तर ती तेवढ्यातच खडखडते, आणि गरम झाल्यावर पुष्कळदा निमूट होते. मागचे दोन टायर दोन वेगळ्या कंपन्यांचे आणि हलके. टायरवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. त्यावरून पाहता पुढचे दोन्ही नऊ वर्षांचे. जो माणूस चारशे-पाचशे अश्वांच्या खाली असे टायर घालतो, तो न दिसणाऱ्या जागी काय करीत असेल? आम्ही विनंती केली की, उद्या सकाळी येतो, तोवर मोटार सुरू करू नये. दुसऱ्या दिवशी ती आमच्यासमोर सुरू झाली, मागे निळा धूर आला आणि आतून दोन-तीन सेकंद टकटक ऐकू आली. पुतण्या परतीच्या वाटेवर बोलला नाही. आम्हीही बोललो नाही. अशा वेळी उपदेशापेक्षा चहा बरा.

दुसरी मोटार सूनबाईने शोधली. पंधरा वर्षांची, पाच सिलिंडरांची, टर्बोची, तीनशे अश्वांची. रंग मळकट निळा, मागचा वायपर बंद. तिच्या मालकाने अकरा वर्षे ती स्वतः वापरली होती आणि बिलांची जाडजूड फाईल ठेवली होती. टायमिंग बेल्ट बदलल्याचे बिल होते. बेल्ट तुटला तर अशा इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आपटतात आणि इंजिन संपते. तेव्हा 'बदलला होता' या तोंडी शब्दाला किंमत नाही, कागद पाहिजे. चारही टायर एका कंपनीचे. सकाळी थंडगार इंजिन सुरू केले, आवाज स्वच्छ. खड्ड्यांवरून नेली तेव्हा पुढच्या सस्पेन्शनमध्ये ठोका ऐकू आला. तो एका गॅरेजवाल्याकडून तपासून घेतला, बुश गेले होते. तेवढी रक्कम किमतीतून कमी करून घेतली. मोटारीवर पूर्वीच्या मालकाचे कर्ज शिल्लक नाही ना, हे थोडे पैसे भरून पाहून घेतले. तेथे असे कर्ज शिल्लक असेल तर सावकार मोटारीवर हक्क सांगू शकतो, आणि प्रामाणिकपणे घेणाऱ्यालाही त्रास होऊ शकतो.

आणि एक गोष्ट आम्ही हट्टाने करावयास लावली. मोटारीसाठी जी रक्कम काढली होती, तिच्यातील सहा आणेच मोटारीला दिले असते तरी चालले असते असे आम्ही म्हणत होतो. शेवटी दहा आणे मोटारीला आणि सहा आणे वेगळ्या खात्यात, दुरुस्तीसाठी, असे ठरले. वाटेत मोटार बंद पडली तर मदतीला येणाऱ्या संस्थेची वर्गणी त्यातूनच भरली.

आता रोजचा वापर. अशा मोटारीला रोज चालविणे वाईट, असा एक समज आहे. गॅरेजात सहा महिने झाकून ठेवलेल्या मोटारीचे ब्रेक गंजतात, बॅटरी उतरते, रबराची सीले वाळतात. वीस मैलांचा रोजचा पल्ला तिला मानवतो. तिचा खरा शत्रू म्हणजे मैलभराची फेरी. इंजिनातले पाणी लवकर तापते, ऑइल मागे राहते. ते तापण्याआधीच मोटार बंद केली तर आतला ओलावा आणि न जळलेले पेट्रोल ऑइलमध्येच राहतात. बी एम डब्ल्यूच्या त्या दहा सिलिंडरवाल्या एम-५ मध्ये तर ऑइल थंड असताना आरपीएमच्या तबकडीवरची धोक्याची रेघ खाली असते आणि तापेल तशी वर सरकते. ही युक्ती आम्हांला फार आवडली. म्हणून पुतण्याला सांगितले, मुलांना शाळेत पायी ने, शाळा अर्ध्या मैलावर आहे. ऑइलची मुदत कारखान्याने वर्ष-दोन वर्षांची दिलेली असली, तरी जुन्या टर्बोला निम्म्या मुदतीत बदल.

वेगाचे म्हणाल, तर ब्रिटनमध्ये ताशी सत्तर मैलांची मर्यादा १९६५ च्या अखेरीपासून आहे. तीनशे अश्वांतील बहुतेक अश्व त्या वेगाला झोपूनच असतात. हमरस्त्यावर चढताना, मागून ट्रक येत असताना, तीन-चार सेकंद ते जागे होतात. सूनबाई पहिल्या रात्रपाळीहून आली तेव्हा पुतण्याने विचारले, "कशी वाटली?" ती म्हणाली, "बाके गरम होतात, ते फार छान आहे."

जाता जाता एका शंकेचे उत्तर. व्याख्यानाआधी एका गृहस्थांनी विचारले की, अशी मोटार तिकडे स्वस्त मिळते तर इकडे आणता येणार नाही काय? आपल्या नियमांप्रमाणे परदेशातून वापरलेली मोटार आणावयाची तर ती बनून तीन वर्षांहून अधिक काळ झालेला नसावा, आणि तिच्यावर जबर जकात पडते. तीन वर्षांची अशी मोटार तिकडेही स्वस्त नसते.