होडीचा पंखा साफ ठेवा

मंडळी, आम्ही शाळामास्तर. पण जन्म गेला समुद्रकाठी, म्हणून दोन शब्द सांगतो.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची होडी बरेच दिवस नांगरावर उभी राहिली. मग ती नीट चालेना. इंजिन धडधडे, डिझेल जाई, पण वेग येईना. ओहोटीला खाली पाहिले, तर पंख्यावर नि शाफ्टवर पांढरी, धारदार कवचे!

हा बार्नकल नावाचा जीव. त्याचे पिल्लू पाण्यात पोहते. जागा सापडली की चिकटते, ते कायमचे.

उपाय काय? कवच कोवळे असतानाच खरवडा. तेव्हा ते सहज निघते. लाकडाची किंवा प्लास्टिकची पट्टी वापरा. छिन्नी मारू नका. पाते वाकले, तर होडी थरथरते. साफ केल्यावर पंख्यासाठी मिळणारा खास रंग द्या. शाफ्टवर जस्ताचा ठोकळा असेल, त्याला मात्र रंग नको. खाऱ्या पाण्यात तो स्वतः झिजतो आणि शाफ्ट वाचवतो. आणि होडी फार दिवस उभी ठेवू नका.

शेवटचे सांगणे. पंख्याला हात लावण्याआधी इंजिन बंद करा. किल्ली आपल्याच खिशात ठेवा. डिझेल पुन्हा मिळेल. बोटे मिळणार नाहीत.