बधिरांध बालकांचा शोध व नोंदणी : समाजाचे एक कर्तव्य

(व्याख्यानाचा लेखी पाठ)



जैन दर्शनात जीवांचे वर्गीकरण इंद्रियांच्या संख्येवरून केलेले आहे. स्पर्शन, रसना, घ्राण, चक्षू आणि श्रोत्र असा त्यांचा क्रम. यातील अखेरची दोन इंद्रिये ज्या बालकाच्या ठायी एकाच वेळी दुर्बळ असतात, त्यास बधिरांध बालक म्हणतात. इंद्रियाची शक्ती क्षीण झाली म्हणून मनुष्य पंचेंद्रिय पदावरून खाली येत नाही. परंतु समाजाच्या नोंदवहीत मात्र अशा बालकास पुष्कळदा जागाच मिळत नाही. ती जागा त्याला कशी मिळावी, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

बधिरांध म्हणजे संपूर्ण अंधार आणि संपूर्ण नि:शब्दता, असा एक समज रूढ आहे. वस्तुत: यांतील बहुसंख्य बालकांना थोडे दिसते अथवा थोडे ऐकू येते. तरीही त्यांची अडचण दुहेरी बेरजेहून मोठी असते. अंध बालक कानांच्या आधारे जग ओळखते, कर्णबधिर बालक डोळ्यांनी भाषा टिपते. बधिरांध बालकास एका इंद्रियाची उणीव दुसऱ्याने भरून काढता येत नाही. त्याच्यासाठी स्पर्श हेच प्रमुख द्वार उरते. हेलन केलर यांचे उदाहरण सर्वश्रुत आहे. १८८० साली जन्मलेल्या या बालिकेची दृष्टी व श्रवणशक्ती एकोणीस महिन्यांच्या वयात आजाराने गेली. १८८७ मध्ये ॲन सुलिव्हन या शिक्षिका लाभल्या, तळहातावर अक्षरे उमटली आणि १९०४ मध्ये त्याच हेलन पदवीधर झाल्या. बुद्धी होतीच, तिच्यापर्यंत पोहोचणारा हात हवा होता.

हा हात पोहोचण्यासाठी बालक आहे, हे आधी कळावे लागते. येथेच मोठी त्रुटी राहिली. २००१ च्या जनगणनेत अपंगत्वाचे पाच प्रकार होते. एकाहून अधिक अपंगत्व असलेली व्यक्तीही एकाच रकान्यात मोजली गेली. २०११ मध्ये बहुविध अपंगत्वाचा रकाना आला व त्यात सुमारे २१ लाख व्यक्ती नोंदल्या गेल्या. परंतु त्यांतील बधिरांध किती, हे त्या आकड्यावरून समजत नाही. १९९५ च्या अपंग व्यक्तीविषयक कायद्यातील सात प्रकारांतही बधिरांधत्व नव्हते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये प्रकार २१ झाले आणि बहुविध दिव्यांगत्वाच्या अंतर्गत बधिरांधत्वाचा स्पष्ट उल्लेख आला.

कारणांचा विचार करता, गर्भारपणाच्या आरंभीच्या महिन्यांत मातेस रुबेला झाल्यास बालकास मोतीबिंदू, बधिरत्व व हृदयदोष संभवतात. रुबेला आणि जन्मजात मोतीबिंदू यांचा संबंध १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी दाखवून दिला. भारतात गोवर-रुबेला लसीची मोहीम २०१७ मध्ये सुरू झाली. लसीकरण टाळू नये, याचे हे एक सबळ कारण होय. अकाली प्रसूती व मेंदूज्वर हीदेखील कारणे आहेत. अशर सिंड्रोम या आनुवंशिक विकारात मूल जन्मत: कमी ऐकते आणि दृष्टी पुढे हळूहळू जाते. कर्णबधिर विद्यार्थी तिन्हीसांजेला अडखळू लागला, अंधारात भिंत चाचपू लागला, तर तो धांदरटपणा समजू नये. नेत्रपटलाची तपासणी करावी.

लहान वयातील खुणा साध्या आहेत. आईच्या चेहऱ्याकडे न पाहणे, मोठ्या आवाजाने न दचकणे, दिव्याकडे एकटक पाहणे, डोळे बोटाने दाबणे, अनपेक्षित स्पर्शाने घाबरणे. यांतून बधिरांधत्व सिद्ध होत नाही. परंतु कान आणि डोळे या दोहोंची तपासणी आवश्यक ठरते. ती न झाल्याने अनेक बालकांवर ‘मतिमंद’ असा शिक्का बसतो. काही घरांत भावंडांच्या विवाहाच्या चिंतेने मूल पाहुण्यांपासून दूर ठेवले जाते. निंदेच्या भीतीने झाकलेले मूल शिक्षणासही मुकते, हे दु:ख निंदेहून फार मोठे आहे.

नोंदणीचा मार्ग आज उपलब्ध आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. पुढे वैद्यकीय मंडळाचे प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, यांसाठी अर्ज करता येतो. अर्जात दृष्टी आणि श्रवण या दोन्ही दोषांचा उल्लेख असावा. एकच लिहिला गेल्यास बालक पुन्हा एका रकान्यात अडकते. दिव्यांगत्व किमान ४० टक्के असल्यास सहा ते अठरा वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क कायद्याने दिलेला आहे. शिक्षणाच्या मार्गदर्शनासाठी मुंबईत १९७७ मध्ये स्थापन झालेली हेलन केलर इन्स्टिट्यूट आणि अहमदाबाद येथील सेन्स इंडिया या संस्था कार्यरत आहेत.

अनेक ट्रस्ट नेत्रतपासणी शिबिरे भरवितात; कर्णतपासणीचीही शिबिरे होतात. मात्र दोहोंच्या तारखा वेगळ्या आणि याद्याही वेगळ्या. ज्या बालकाचे नाव दोन्ही याद्यांत आहे, ते कोणाच्याच ध्यानी येत नाही. याद्या शेजारी ठेवून ताडून पाहण्यास खर्च लागत नाही. एक जागरूक कार्यकर्ता पुरेसा आहे. अर्थात, पालकांच्या संमतीवाचून कोणतेही नाव पुढे जाऊ नये आणि नोंदवही गुप्त राहावी. अन्यथा विश्वास तुटेल आणि दारे पुन्हा मिटतील. पाठशाळेचे शिक्षक, महिला मंडळ आणि वस्तीतील आशा कार्यकर्त्या यांच्या सहकार्याने हे कार्य सहज साध्य होईल.

ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात वास्तू उभ्या राहतील, सत्कार होतील. ते उचितच आहे. त्याबरोबर या परिसरातील एका जरी बधिरांध बालकाची योग्य नोंद झाली आणि त्याच्या तळहातावर पहिले अक्षर उमटले, तर करुणा आचरणात उतरली असे म्हणता येईल. जय जिनेंद्र!