श्राव्य कथांची निवड आणि मुलांचे वय

(प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



शाळेत ध्वनिमुद्रित गोष्ट ऐकविणे पूर्वी फार यातायातीचे काम होते. मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी नभोवाणी केंद्र सुरू झाले. त्यानंतर कित्येक वर्षे गावात एखादाच रेडिओ असे आणि कार्यक्रमाची वेळ साधली नाही तर गोष्ट हुकत असे. पुढे ध्वनिफिती आल्या. आता मोबाइल फोन व एक लहानसा स्पीकर एवढ्या साहित्यावर कोणत्याही वाडीवस्तीवरच्या शाळेत, हव्या त्या वेळी, हवी ती गोष्ट लावता येते. पाठ्यपुस्तकातील चौकोनी संकेतचित्रावर फोन धरला की पाठाचे जोडसाहित्य उघडते. २०१७ साली सुरू झालेल्या 'दीक्षा' या व्यवस्थेमुळे ही सोय झाली आहे.

साधन हाती आले म्हणजे निवडीचा प्रश्न सुटला असे मात्र नव्हे. एका खोलीत पहिली ते चौथीची मुले बसली आहेत, शिक्षकास पलीकडच्या वर्गाचे गणित तपासावयाचे आहे, आणि म्हणून फोनवर जी पहिली गोष्ट सापडली ती लावून दिली, असे द्विशिक्षकी शाळेत सहज घडू शकते. गोष्ट भुताची निघते. चौथीची मुले हसतात. पहिलीतली मुलगी दुसऱ्या दिवशी एकटी पाण्याच्या टाकीपर्यंतही जावयास तयार होत नाही. दुसऱ्या वेळी गोष्ट अगदी बाळबोध निघते. आता पहिलीची मुले रंगतात, चौथीची मुले एकमेकांना चिमटे काढतात आणि 'गोष्ट म्हणजे लहानांचा खेळ' असा ग्रह करून घेतात. दोन्ही वेळा साधन उत्तम होते, मुलेही चांगली होती. चुकली ती निवड. यास्तव कोणत्या वयाला कोणती गोष्ट, याचा विचार शिक्षकाने आधीच केलेला असला पाहिजे.

श्रवणाचे महत्त्व

प्राथमिक शाळेत मूल जेवढे वाचू शकते त्याहून पुष्कळ अवघड भाषा ते ऐकून समजू शकते. दुसरीतले मूल जोडाक्षरापाशी अडखळते, पण तेच मूल आजीने सांगितलेली लांबलचक कहाणी शेवटपर्यंत ध्यानात ठेवते. जो शब्द कानावरून कधी गेला नाही तो डोळ्यांनी वाचला तरी अर्थ देत नाही. म्हणून ऐकलेली गोष्ट ही वाचनाची पूर्वतयारी होय. तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलास अर्थ समजून वाचता यावे, असे २०२१ साली सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाचे उद्दिष्ट ठरविण्यात आले. त्या उद्दिष्टाचा पाया अंगणवाडीतच, कानाच्या वाटेने घातला जातो.

गिजुभाई बधेका यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातील प्रयोगी शिक्षकाची हकीकत येथे आठवते. चौथीचा वर्ग त्याच्या हवाली होतो. पहिल्या दिवशी शांततेचा खेळ योजलेला असतो, पण वर्ग उधळतो आणि खेळ फसतो. दुसऱ्या दिवशी तो शिक्षक गोष्ट सांगू लागतो, आणि जो वर्ग दटावून ऐकत नव्हता तो आपण होऊन जवळ येऊन बसतो. त्या शिक्षकाने गोष्टीचा उपयोग प्रथम मुलांचा विश्वास मिळविण्यासाठी केला. शिकवणे त्यामागून आले.

सांगितलेली गोष्ट व मुद्रित गोष्ट

मुखाने सांगितलेली गोष्ट आणि ध्वनिमुद्रित गोष्ट यांत एक मोठा भेद आहे. सांगणारी आजी मुलाच्या तोंडाकडे पाहत असते. मूल घाबरले तर ती वाघाला लवकर पळवून लावते. मूल कंटाळले तर मधला प्रवास आटोपता घेते. यंत्र मुलाकडे पाहत नाही, आणि गोष्ट एकाच वेगाने पुढे जाते. म्हणून आजी जे काम सांगता सांगता करते ते काम शिक्षकास गोष्ट लावण्यापूर्वी करावे लागते. गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः एकदा ऐकल्यावाचून वर्गात लावू नये, हा पहिला नियम होय. वर्गात लावल्यावरही शिक्षकाने तेथेच बसावे, मुलांचे चेहरे पाहावेत आणि गरज पडताच गोष्ट थांबवावी.

तीन ते सहा वर्षे

अंगणवाडीतील मुलाला नवी घटना आवडते त्याहून ओळखीची घटना पुन्हा आलेली अधिक आवडते. शेणाचे घर असलेला कावळा आणि मेणाचे घर असलेली चिमणी यांची गोष्ट पिढ्यान्पिढ्या टिकली ती याच कारणाने. कावळा पुन्हा पुन्हा दार ठोठावतो, चिमणी दर वेळी नवे कारण सांगते. पुढे काय येणार हे मुलास आधीच ठाऊक असते आणि ते खरे ठरले की त्यास विजय झाल्यासारखे वाटते. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीची गोष्टही याच जातीची.

या वयासाठी गोष्ट पाचसात मिनिटांची असावी. पात्रे दोनतीनच असावीत, घटना सरळ एकामागून एक याव्यात आणि शेवटी सर्वजण सुखरूप घरी पोचावेत. आवाज संथ, वाक्ये लहान आणि मागे वाजणारे संगीत अगदी मंद असावे. एकच गोष्ट आठवडाभर लावण्यास संकोच वाटू नये. मुलांनी तीच गोष्ट पुन्हा मागितली तर निवड साधली असे समजावे.

फसवणुकीच्या गोष्टी मात्र येथे जपून निवडाव्यात. पंचतंत्रातील वानर आणि मगर यांची कथा घ्या. काळीज झाडावर राहिले आहे असे वानर सांगतो आणि मगर ते खरे मानतो. गोष्टीची सगळी गंमत एका गोष्टीत आहे: जे खोटे आहे ते दुसऱ्याला खरे वाटू शकते, हे ऐकणाऱ्याला कळले पाहिजे. ही समज बहुधा चौथ्या-पाचव्या वर्षाच्या सुमारास येते. त्याआधीचे मूल काळीज खरोखरच झाडावर आहे असे समजून बसते. त्यात मुलाचा दोष नाही. गोष्ट थोडी लवकर आली एवढेच.

गोष्ट चित्रफितीच्या रूपात असेल तर फोन पालथा ठेवून फक्त आवाज ऐकवावा. दोन ते चार वर्षांच्या मुलांनी बसून पडदा पाहण्याचा काळ दिवसाकाठी एक तासाहून अधिक नसावा, आणि बसून असताना मोठ्यांनी वाचून दाखविणे व गोष्ट सांगणे इष्ट आहे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची शिफारस आहे.

पहिली व दुसरी

सहा ते आठ वर्षांच्या मुलास कार्यकारणाचा धागा पकडता येऊ लागतो. वानर-मगराची कथा आता खुलते. सिंह आणि विहिरीतील प्रतिबिंब, कासव आणि हंस, या प्राणिकथांचा हाच काळ. गोष्ट दहा मिनिटांपर्यंत चालते. मात्र गोष्टीचे तात्पर्य या वयातील मूल मोठ्यांप्रमाणे काढीत नाही. बडबड्या कासवाची कथा ऐकून 'काठी घट्ट धरावी' असे मूल म्हणाले तर ते चुकले असे ठरवू नये; त्याने घटना नीट ऐकली आहे. तात्पर्य घोकून घेतल्याने कथाही जाते आणि बोधही जातो.

क्रूर प्रसंगांचा प्रश्न याच वयात अधिक येतो. चिमणी-कावळ्याच्या कथेच्या काही रूपांत कावळ्यास तापल्या तव्याचा चटका बसतो. जुन्या कथांतील अशा शिक्षा सरसकट वगळण्याचे कारण नाही. वाईटास फळ मिळाले हे मुलास न्यायाचे वाटते. पण सांगणाऱ्याच्या दोन शब्दांत जी शिक्षा उरकते, तीच ध्वनिमुद्रणात किंकाळ्या आणि नगाऱ्यांसह आली तर मुलाच्या उरात बसते. शिक्षकाने आवाजाच्या या अतिरेकाकडे विशेष लक्ष द्यावे.

तिसरी ते पाचवी

आता मुलास चातुर्य आवडते. बिरबलाच्या खिचडीची कथा पहिलीत लावली तर उंच टांगलेले मडके हा केवळ वेडेपणा वाटतो. चौथीतले मूल ते मडके आणि थंड पाण्यात उभा राहून दूरचा दिवा पाहणारा गरीब माणूस यांची सांगड आपणहून घालते, आणि ती सांगड घातल्याचा आनंद त्याच्या तोंडावर दिसतो. गोष्ट थांबवून 'बिरबलाने असे का केले असेल?' एवढा एकच प्रश्न विचारावा आणि उत्तरासाठी घाई करू नये.

क्रमशः चालणाऱ्या गोष्टींचाही हा काळ आहे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेली 'श्यामची आई' मुळातच सांगण्याच्या रूपात आहे. तिचे भाग म्हणजे प्रकरणे नव्हेत, बेचाळीस रात्री आहेत. आश्रमातील मित्रांना श्याम एकेका रात्री आईची एकेक आठवण सांगतो. पाचवीपासून पुढे आठवड्याला एक-दोन रात्री ऐकविल्या तर मुले पुढच्या रात्रीची वाट पाहू लागतात. आई नसलेले किंवा आईपासून दूर राहणारे मूल वर्गात असेल, तर आईच्या आजारपणाच्या व मृत्यूच्या रात्री त्यास एकट्याने सोसाव्या लागू नयेत. ऊसतोडीसाठी आईबाप परजिल्ह्यात गेले आहेत आणि मूल आजीजवळ राहिले आहे, असे अनेक शाळांत घडते. अशा मुलाजवळ त्या वेळी शिक्षकाने बसावे.

सहावी ते आठवी

या वयात मुलास खऱ्या जगाची ओढ लागते. साहसकथा, विज्ञानकथा, चरित्रे आणि विनोद यांची दारे उघडावीत. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, चिं. वि. जोशींचा चिमणराव, जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा, अशी मराठीत समृद्ध निवड आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या १९५५ सालच्या 'बनगरवाडी'तील निवडक भाग तर गावाकडच्या मुलास आपल्याच शिवारातले वाटतील. त्यातला नायक एका धनगरवाडीवर आलेला तरुण शिक्षक आहे. पंधरावीस मिनिटांचा भाग या वयाला पेलतो. दुःखद शेवट, न सुटलेला प्रश्न, पात्राची चूक हेही येथे चालते. ऐकून झाल्यावर पुस्तक वर्गात मुलांच्या हाती मिळेल असे ठेवावे, कारण या टप्प्यावर कानाने डोळ्याकडे पोचविणे हेच उद्दिष्ट असते.

बोलीचा प्रश्न

वरील वयोमान प्रमाण मराठी घरी ऐकणाऱ्या मुलास धरून आहे. ज्या घरी भिली, पावरी, कोरकू, गोंडी, कोलामी किंवा गोरमाटी बोलली जाते, तेथील पहिलीचे मूल बुद्धीने सहा वर्षांचे असते, पण शाळेच्या भाषेत ते दोनतीन वर्षांचेच असते. त्यास बाळबोध गोष्ट दिली तर बुद्धीचा अपमान होतो आणि वयाची गोष्ट दिली तर भाषा अडते. यावर मार्ग असा: गोष्ट वयाचीच निवडावी आणि तिचा सारांश आधी मुलाच्या बोलीत, वरच्या वर्गातील ताईकडून किंवा अंगणवाडी सेविकेकडून सांगून घ्यावा. नंतर ध्वनिमुद्रण लावावे.

याहूनही चांगला मार्ग फोनमध्येच आहे. ऐकविणारा फोन ऐकूही शकतो. गावातील एखाद्या वृद्धेस शाळेत बोलवावे, तिच्या संमतीने तिच्या बोलीतील गोष्ट मुद्रित करून घ्यावी आणि वर्गात लावावी. आपल्या आजीची बोली शाळेच्या स्पीकरमधून येते आहे हे ज्या मुलाने ऐकले, त्याला शाळा परकी वाटणे कमी होते. घरच्या भाषेतून शिक्षण व्हावे असे २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरण म्हणते; ही त्याची अगदी लहान पण हाती येण्याजोगी सुरुवात आहे.

मिश्र वर्ग व इतर सूचना

एकाच खोलीत चार इयत्ता असतील तर सर्वांत लहान मुलाचे भय आणि सर्वांत मोठ्या मुलाची जिज्ञासा या दोहोंच्या मधली गोष्ट निवडावी. लोककथा बहुधा येथे उपयोगी पडतात, कारण लहान मुले घटना घेतात आणि मोठी मुले चातुर्य घेतात. भीतीची गोष्ट लावणे झाल्यास लहानांना आधी अंगणात खेळावयास सोडावे.

स्पीकर वर्गाच्या मध्यभागी ठेवावा. शेवटच्या मुलाला कान न ताणता ऐकू यावे, आणि पहिल्या मुलास कानावर हात ठेवावे लागू नयेत. मध्येच जाहिरात लागणारी गोष्ट वापरू नये. ती आधी फोनमध्ये उतरवून घ्यावी. वर्गात अंध किंवा दृष्टिदोष असलेले मूल असेल तर गोष्टीचा तास हा त्याचा इतरांच्या बरोबरीचा तास असतो, म्हणून त्या दिवशीची गोष्ट चित्रावर अवलंबून नसावी. अशा मुलांच्या पुस्तकांसाठी २०१६ पासून 'सुगम्य पुस्तकालय' ही सोयही उपलब्ध आहे.

ऐकविलेल्या प्रत्येक गोष्टीची एका साध्या वहीत नोंद ठेवावी: गोष्टीचे नाव, मिनिटे, इयत्ता, मुले कोठे हसली, कोठे चुळबुळली, कोणी पुन्हा मागितली. वर्षाअखेर ही वही केंद्रातील इतर शिक्षकांना दाखवावी. दहा शाळांच्या दहा वह्या एकत्र आल्या की त्या केंद्रातील मुलांसाठी वयवारीची विश्वसनीय यादी तयार होईल, आणि ती दुसरीकडून आणलेल्या यादीपेक्षा खात्रीने अधिक उपयोगी ठरेल.

यंत्राने शिक्षकाचा आवाज वाचविला आहे, त्याची नजर मात्र वाचविलेली नाही. गोष्ट चालू असताना मुलांच्या चेहऱ्यांवर जे दिसते तेच पुढच्या निवडीचे खरे मार्गदर्शन होय. आणि आठवड्यातून एखादे दिवशी फोन बाजूला ठेवून शिक्षकाने स्वतःच्या तोंडाने गोष्ट सांगावी. ज्या शाळेत हे होते तेथील मुले स्पीकरमधली गोष्टही अधिक लक्ष देऊन ऐकतात.