हिशेब आधी, पक्ष नंतर

भ्रष्टाचाराचा आरोप झाला की प्रथम आरोप करणाऱ्याचा पक्ष पाहिला जातो. हिशेब मागेच राहतो. १९५७ साली याउलट घडले. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटीचे भाग गुंतवणूक समितीला डावलून विकत घेतले. लोकसभेत त्याचा जाब फिरोझ गांधींनी विचारला. ते सत्ताधारी काँग्रेसचेच सभासद, पंतप्रधानांचे जावई आणि विमा राष्ट्रीयीकरणाचे पुरस्कर्ते होते. न्या. छागला यांनी मुंबईत जाहीर चौकशी केली. फेब्रुवारी १९५८मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. सार्वजनिक मालकीचा कैवार घेणाऱ्यानेच तिच्या हिशेबावर पहारा ठेवला. स्वपक्षाच्या राज्यात मौन पाळणारा कार्यकर्ता राष्ट्रीयीकरणाच्या विरोधकांच्याच हाती कोलीत देत असतो.