मोटर बंद, टाकी पाण्याखाली: टीडीएस मीटरचं ऐकायचं का?

आजचा एपिसोड अमरावती-अकोल्यातल्या अपार्टमेंटवाल्यांसाठी. समजा, रात्रभर पाऊस झाला, लाइन गेली आणि बेसमेंटमधलं पाणी उपसणारी मोटर बंद पडली. सकाळी पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी, आणि पिण्याच्या पाण्याची अंडरग्राउंड टाकी नेमकी त्याच्याखाली. मग सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी टीडीएस मीटरचा फोटो टाकतं : "दोनशेच्या आत हाय भाऊ, पानी चांगलं हाय."

इथंच घोळ होतो. हा मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते पाहतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. जंतू त्याला दिसतच नाहीत. आपल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात तर उलटंही होऊ शकतं. टाकीत बोअरचं खारं पाणी असेल आणि त्यात पावसाचं पाणी गटाराची घाण घेऊन शिरलं, तर आकडा खाली येतो. पाणी बिघडलं, पण मीटर म्हणतो सुधारलं! टेस्ट पास, बग तसाच.

हे किती महागात पडतं ते आपल्याच जिल्ह्यानं पाहिलंय. जुलै २०२२. चिखलदरा तालुक्यातली पाचडोंगरी आणि कोयलारी. वीज नसल्यानं नळाचं पाणी बंद होतं, लोक उघड्या विहिरीचं पाणी प्यायले. कॉलरा पसरला, माणसं दगावली. तिथं बेसमेंट नव्हतं, पण साखळी तीच : वीज गेली, पंप थांबला, घाण पाणी पोटात गेलं.

मग तपासायचं कसं?

आधी मेन स्विच बंद. तो पाण्यात असेल तर हात लावू नका, वीज कंपनीला कळवा. टाकीत कोणी उतरू नका, आत विषारी वायू असू शकतो.

मग भिंतीवरची पाण्याची खूण पाहा. ती टाकीच्या झाकणाच्या वर असेल, तर पाणी दूषितच धरा. वरच्या टाकीत पाणी चढवणं थांबवा.

तिसरं, क्लोरीन. ओटी टेस्टचे थेंब टाकले की क्लोरीन असल्यास पाणी पिवळं होतं. नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं हवं. रंगच आला नाही, तर पाण्याला संरक्षण नाही.

चौथं, एचटूएस बाटली. पाणी भरून २४ ते ४८ तास ठेवा. काळं झालं तर मैल्याच्या जंतूंचा संशय पक्का. काळं झालं नाही, तरी एवढ्यावर निश्चिंत होऊ नका.

शेवटचा निकाल लॅबचा. नमुना त्यांच्याच निर्जंतुक बाटलीत, थंड ठेवून, लवकर पोचवा. १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय शून्य पाहिजे. एकसुद्धा चालत नाही.

तोवर टँकर किंवा कॅनचं पाणी वापरा, तेही उकळूनच. टाकी रिकामी करून, घासून, ब्लीचिंग पावडरनं निर्जंतुक करून घ्या आणि मग पुन्हा नमुना द्या.

आणि एक काम पाऊस नसतानाच करा : टाकीचं झाकण जमिनीपासून उंच आणि घट्ट करून घ्या. सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये हा विषय काढा. हा एपिसोड ग्रुपवर टाकला तरी चालेल, तो टीडीएसचा फोटो यायच्या आधी!