पेशींना सणवार नसतो

(मंडळाच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘मार्गदर्शक’ छापले आहे, ते कृपा करून खोडा. मी राज्य शासनाच्या एका रुग्णालयात लॅब टेक्निशियन आहे आणि माझे शिक्षण बारावीनंतरचा डिप्लोमा एवढेच. माझ्या मुलीची जैवतंत्रज्ञानातली एम.एस्सी. नुकतीच पूर्ण झाली. ती तिने करू नये म्हणून मी दोन महिने घरात भांडलो होतो, म्हणून मला इथे बोलावले असावे.

सुरुवात झाली २०२० साली. मी कोरोनाचे नमुने घेण्याच्या ड्युटीवर होतो. शेजारच्या एका काकांच्या रिपोर्टवर ‘सीटी १९’ असे लिहिलेले मुलीने पाहिले आणि विचारले, “बाबा, हे १९ म्हणजे काय?” मी म्हटले, “आकडा कमी म्हणजे व्हायरस जास्त.” ती म्हणाली, “उलटे कसे?” मला सांगता येईना. नोकरीची इतकी वर्षे झाली होती, रोज ते रिपोर्ट हातातून जात होते आणि उत्तर येत नव्हते. अशा वेळी मोठी माणसे रागावतात, तसा मी रागावलो.

चार दिवसांनी तिने स्वयंपाकघरात कणकेचे गोळे मांडून मलाच समजावले. पीसीआरच्या प्रत्येक फेरीत डीएनएच्या प्रती दुप्पट होतात. एकाचे दोन, दोनाचे चार, आणि सगळे नीट चालले तर ३० फेऱ्यांत एकाचे १०० कोटींहून जास्त. प्रती पुरेशा झाल्या की यंत्राला चमक दिसते. सुरुवातीलाच माल जास्त असेल तर कमी फेऱ्यांत दिसते, म्हणून आकडा लहान. एवढीच गोष्ट, पण ती मला मुलीकडून कळली.

पुढे बी.एस्सी. झाली आणि तिने बडोद्याला एम.एस्सी.ला जायचे म्हटले. मी म्हटले बी.एड. कर, नाहीतर माझ्यासारखा डिप्लोमा कर आणि कमवायला लाग. मी अगदीच चुकीचे बोलत नव्हतो. नुसत्या एम.एस्सी.वर खाजगी लॅबमध्ये काय हातात पडते, ते ओळखीच्या पोरांचे पाहिले होते.

तेव्हा आमच्या आईने एक विषय काढला. आपल्या इंदूरकरांना दुर्गाबाई भागवतांचा जन्म इथला, हे माहीत असते. त्यांची धाकटी बहीण कमला, लग्नानंतरच्या कमलाबाई सोहोनी, याही १९११ साली इथेच जन्मल्या. १९३३ मध्ये त्यांनी बंगळुरूच्या टाटांच्या विज्ञान संस्थेत अर्ज केला, तर संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नकार दिला. त्या हटल्या नाहीत, तेव्हा एक वर्ष पाहू, अशा अटीवर घेतले. १९३६ मध्ये एम.एस्सी. झाल्या, नंतर केंब्रिजला गेल्या. पेशीच्या श्वसनात लागणारे सायटोक्रोम सी वनस्पतींतही असते, हे त्यांनी बटाट्यावर काम करून दाखवले आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली.

ही गोष्ट बहुतेक लोक रामनांच्या नकारापाशी थांबवतात. माझे लक्ष दुसरीकडे गेले. कमलाबाईंचे वडील आणि काका दोघेही त्याच संस्थेत रसायनशास्त्र शिकलेले होते. रस्ता कसा आहे, हे त्या घराला ठाऊक होते. आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते आणि त्या न कळण्यालाच मी काळजी म्हणत होतो. दुसऱ्या दिवशी फीचे पैसे भरले.

आता पालकांसाठी थोडे. पदवीच्या नावावर जाऊ नका. कुठे जैवतंत्रज्ञान, कुठे जीवरसायन, कुठे लाइफ सायन्सेस म्हणतात, पण पेशी आणि डीएनएचा गाभा बराचसा सारखा असतो. चौकशी करायची ती एवढीच की मुलाला स्वतःच्या हाताने प्रयोग किती करायला मिळतात आणि प्रकल्प किती महिन्यांचा आहे. प्रवेशपरीक्षा वेगवेगळ्या आहेत, गॅट-बी, आयआयटीची जॅम, सीयूईटी पीजी. अर्जांच्या तारखा आपण सांभाळाव्यात, मुले विसरतात. आणि बारावीनंतर नुसता डिप्लोमा केला तर एम.एस्सी.चे दार उघडत नाही, आधी बी.एस्सी. लागते. हे मी स्वतः चाळिशीत चौकशी करून पाहिले आहे.

गेल्या भाद्रपदात ती गौरींना आली नाही. तिच्या पेशी ३७ अंशांवर इनक्यूबेटरमध्ये वाढत होत्या. दर दोन-तीन दिवसांनी त्यांचे खाद्यद्रव बदलावे लागते, नाहीतर मरतात. नातेवाईक म्हणाले, मुलगी हातची गेली. आमची ही मात्र म्हणाली, “घरी तान्हे मूल असते तर आला असतात का कोणी?” तो विषय तिथेच संपला.

त्याच्या पुढच्या महिन्यात एका रात्री अकराला तिचा फोन आला. रडत होती. सहा आठवडे पीसीआर लावते आहे, जेलवर पट्टा म्हणून दिसत नाही, गाइड चिडल्या आहेत, मी परत येते. मला काय सुचणार? सवयीने तोंडातून निघाले, “कंट्रोल लावलास का?” आमच्या लॅबमध्ये सकाळी कंट्रोल चालवल्याशिवाय पेशंटच्या नमुन्याला हात लावत नाहीत. ती थोडी गप्प झाली. मग म्हणाली, “बाबा, पॉझिटिव्ह कंट्रोलही नाही आला.” मी म्हटले, “मग तुझ्या नमुन्याला का दोष देतेस? बाटल्या बघ.” एन्झाइमची कुपी जुनी होती, किती वेळा फ्रीजरच्या बाहेर राहिली कोण जाणे. नवी वापरली आणि पट्टा आला. रात्री दीडला तिने त्याचा फोटो पाठवला. काळ्या चौकोनात एक पांढरी रेघ. तो अजून माझ्या फोनमध्ये आहे, ऑफिसात दोघातिघांना दाखवलाही. कोणाला काही कळले नाही.

पुढचे मात्र पक्के नाही, तेही सांगतो. संशोधनात जायचे तर सीएसआयआर-यूजीसी नेट द्यावी लागते. जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये, आणि पीएच.डी.ला पाचेक वर्षे धरून चाला. हिची नेट निघाली, जेआरएफ थोडक्यात हुकली. पुन्हा बसते आहे. घरात लग्नाचा विषय निघतो, मी दुसरीकडे वळवतो. कधी जमते, कधी नाही.

ती आज आली आहे, शेवटच्या ओळीत आईशेजारी बसली आहे. पेशींबद्दल काही विचारायचे असेल तर चहाच्या वेळी तिला विचारा. फी, होस्टेल आणि बडोद्याच्या गाडीचे रिझर्वेशन यांबद्दल मला विचारा.

गणपती बाप्पा मोरया!